सासूबाईंची अळंबी आणि ताम्हिणीच्या छत्र्या

ताई,
आम्ही कोथरूडला राहतो. गेल्या रविवारी सोसायटीतली बारा-तेरा जणं मिळून ताम्हिणीच्या बाजूला पावसाळी फेरीला गेलो होतो. झाडी संपून गवत सुरू होतं तिथं गोल रिंगण धरल्यासारख्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. काही तर नाश्त्याच्या ताटलीएवढ्या. वर तपकिरी खवले, देठाला कडं. माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या, माहेर कुडाळजवळचं. बघताक्षणी हरखल्या, "अळंबी गो ही!" म्हणाल्या आणि पिशवी भरून घेतली. घरी आल्यावर मुलानं (नववीत आहे) मोबाईलवरच्या ॲपमध्ये फोटो टाकले. वरून काढलेल्या फोटोला ॲप म्हणालं खाण्याजोगी, बाजूनं काढलेल्या फोटोला म्हणालं विषारी. मग सासूबाईंनी एक तुकडा लसूण आणि चांदीचं नाणं घालून उकळला. नाणं काळं पडलं नाही. "झाली ना खात्री?" असं त्यांचं म्हणणं. मी हट्टानं शिजवू दिली नाहीत. तेव्हापासून पिशवी फ्रिजमध्ये आणि घरात अबोला. त्यांनी लहानपणापासून अळंबी खाल्ली, मी शहरात वाढले, मला काय कळतं, हा त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. रानातली अळंबी ओळखायची तरी कशी? आणि मुलाला आता याचा नाद लागलाय, त्याला शिकू द्यावं का?
— एक सून, कोथरूड

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळीच मी दोन ओळी कळवल्या होत्या. खाऊ नका, सगळी टाकूही नका, दोन छत्र्या बाजूला ठेवा आणि मी सांगते तो वाटीचा प्रयोग (टोपी रात्रभर कागदावर, वर पालथी वाटी, सकाळी कागदावर पडलेल्या पुडीचा रंग बघायचा) रात्रीतून करून सकाळी फोटो पाठवा. फोटो आला. तो चिरंजीवांनी काढलाय हे सांगायची गरज नव्हती, कोपऱ्यात त्यांच्या पायाचा अंगठाही आलाय. पण कागदावरचा रंग अगदी स्वच्छ दिसतोय. शेवाळासारखा, राखाडीकडे झुकलेला हिरवा.

बाकीची पिशवी आता कचऱ्यात जाऊ द्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांना सापडेल अशी टाकू नका, बांधून टाका. हात लावल्यानं काही होत नाही, साबणानं धुतले की झालं.

पांढरी मोठी छत्री, वर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं, गवतात रिंगण आणि कागदावर हिरवा ठसा. हे सगळं एकत्र आलं की माझ्यासमोर एकच नाव उभं राहतं, क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. मराठीत तिला स्वतंत्र नाव मी ऐकलेलं नाही. आपल्याकडे नकोशी दिसेल ती प्रत्येक छत्री "कुत्र्याची छत्री" या एकाच नावाखाली जाते. उष्ण प्रदेशात जगभर ही मैदानांत, बागांत, कुरणांत उगवते आणि अळंबीची विषबाधा ज्यांनी सर्वांत जास्त वेळा घडवलीय त्यांत हिचा नंबर फार वरचा लागतो. जीव सहसा घेत नाही. पण ती रात्र माणूस विसरत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये.

मी मूळची सावंतवाडीकडची, पण नोकरीची पंधरा वर्षं भंडारा-गोंदियाच्या बाजूला काढली. वनस्पतीशास्त्र शिकवायचे. 1986 च्या पावसाळ्यात कॉलेजच्या मैदानाच्या कडेला अशाच छत्र्या उगवल्या. आदल्याच आठवड्यात मी वर्गात बुरशीचा धडा संपवला होता, अंगात उत्साह होता. आमच्या प्रयोगशाळेतला परिचर जवळच्या खेड्यातला. तो म्हणाला, "बाई, हे आमच्याकडं खात नाईत." मी हसले. टोपी उलटी करून पाहिली, खालचे कल्ले, म्हणजे टोपीखालच्या त्या पातळ पट्ट्या, पांढऱ्याशुभ्र. पांढरे कल्ले, छान वास, कुठं किडलेलं नाही. मी तीन छत्र्या घरी नेल्या आणि दोन आम्लेटात घातल्या. चवीला उत्तम होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगते. दोन तासांनी सुरू झालं. उलट्या, जुलाब, पोटात पिळा. यजमानांनी रात्री दवाखान्यात नेलं आणि पहाटेपर्यंत सलाइन चालू होतं. सकाळी घरी आले तर ओट्यावर वर्तमानपत्रावर तिसरी छत्री तशीच पडलेली. यजमानांनी ती उचलली आणि खालच्या मजकुरावर हिरवी पूड सांडलेली. कोवळेपणी या छत्रीचे कल्ले पांढरेच असतात, बीजाणू (बुरशीचं बी, तीच ती पूड) पिकले की मग हिरवट होतात. मी खाल्ली ती एक दिवस आधी, आणि तिनं आपली ओळख सांगितली एक दिवस नंतर. मी सोमवारी कॉलेजात गेले तेव्हा तो परिचर काहीच बोलला नाही. "बाई, चहा आणू?" एवढंच.

त्याला कल्ले, बीजाणू यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त ठाऊक होतं की त्याच्या गावात ही कुणी खात नाही. आणि तेवढं त्या गावापुरतं पुरेसं होतं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, सासूबाईंकडे येताना लागणार आहे.

आधी त्या नाण्याचा निकाल लावू. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. अंड्यात चांदीचा चमचा ठेवला तर तोही काळा पडतो, म्हणून अंडं विषारी ठरत नाही. लसणात तर गंधक भरपूर. म्हणजे चांगली अळंबी लसणाबरोबर उकळली तरी नाणं काळवंडू शकतं आणि जीवघेणी उकळली तरी लखलखीत राहू शकतं. अळंबीच्या विषाशी या परीक्षेचा काही संबंध नाही. तसंच तांदूळ लाल होतात का, लसूण निळा पडतो का, टोपीची साल सोलली जाते का, गोगलगायीनं कुरतडलंय का, या सगळ्या परीक्षा कुचकामी. गोगलगाय विषारी छत्र्या खुशाल खाते, तिचं पोट वेगळं आहे. "उकळून पाणी फेकलं की विष जातं" हा समज तर सर्वांत वाईट. सर्वांत मारक विष, अमाटॉक्सिन, उकळून जात नाही, वाळवून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवून जात नाही.

सासूबाई नाण्यावर विसंबल्या, हे मला पटलं नाही. त्यांच्या आईनं अळंबी काढताना कधी नाणं उकळलं असेल असं वाटत नाही. तिला गरजच नव्हती, ती रोवणापाशी जायची.

रोवण म्हणजे वारूळ. तळकोकणात आणि गोव्यात सातेरी देवी याच रूपात पुजली जाते, गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी मातीचं रोवण असतं. आणि रोवणावरची अळंबी ही आमच्याकडची खरी अळंबी. श्रावणाच्या आगेमागे, चांगला पाऊस पडून मध्येच ऊन तापलं आणि ढग गडगडले की आमची आजी टोपली शोधायला लागायची. कुठल्या बागेत, कुठल्या कुंपणापलीकडे, कुठल्या रोवणावर ती येते हे घराघराचं गुपित असायचं. बहिणी-बहिणीही एकमेकींना सांगत नसत.

ही अळंबी तिथंच का येते, यामागे फार सुंदर व्यवहार आहे. वाळवी लाकूड आणि पालापाचोळा आणते, पण तो तिला नीट पचत नाही. म्हणून ती तो चावून, एकदा पोटातून काढून, रोवणाच्या आत स्पंजासारखी पोळी रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी ते लाकूड मऊ करते, वाळवी मग ते खाते. म्हणजे माणसानं नांगर धरला त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून वाळवी शेती करतेय. पावसाळ्यात त्या भूमिगत शेतातून बुरशी वर येते ती आपली अळंबी. टर्मिटोमायसिस हे तिच्या कुळाचं शास्त्रीय नाव, त्यात वाळवीच (इंग्रजीत टर्माइट) आहे. आणि ती जमिनीखालच्या त्या पोळीपासून निघते म्हणून तिला मुळासारखा लांबच लांब दांडा असतो, कधी वीतभर, कधी हातभर. कडक माती फोडायची असते म्हणून टोपीच्या मध्यावर टोक असतं, भोवऱ्याच्या आरीसारखं. विदर्भात हिलाच सात्या म्हणतात, आणि रानातल्या बाकी खाण्याजोग्या छत्र्यांना टेकोडे. नावं दोन टोकांची, पण ओळखायची रीत तीच. टोपीकडे कुणी फारसं बघत नाही. जागा बघतात, हंगाम बघतात, मूळ बघतात.

आता सासूबाईंना विचारायचा प्रश्न तुमच्या लक्षात आला असेल. "पुस्तकात लिहिलंय" किंवा "त्या बाई म्हणतात" असं सांगायला जाऊ नका, अबोला आणखी महिनाभर वाढेल. त्यांच्या शेजारी बसा, नातवालाही बसवा आणि विचारा, "आई, तुमच्याकडं अळंबी उपटली की मूळ किती लांब यायचं?" त्या हातानं दाखवतील, कोपरापासून. मग बाजूला ठेवलेली छत्री त्यांच्या हातात द्या. बुडाशी कांद्यासारखा फुगवटा आणि खाली काही नाही. रोवणावर उगवलेली नव्हती, गवतात होती. मध्यावर टोक नाही. मला खात्री वाटते की पुढचं वाक्य त्याच बोलतील, "ह्येका मूळच नाय!" निकाल त्यांचा त्यांनी दिला की त्यात कुणाचा पाणउतारा नाही.

त्यांचं ज्ञान खोटं नाही हो. ते कुडाळच्या त्या बागेतलं, त्या रोवणावरचं, त्या पंधरवड्यातलं ज्ञान आहे, आणि तिथं ते माझ्या पदवीपेक्षा भारी आहे. ते ताम्हिणीपर्यंत येत नाही, एवढंच. ही अडचण त्यांची एकट्यांची आहे असंही समजू नका. आग्नेय आशियातून कॅलिफोर्नियात किंवा ऑस्ट्रेलियात गेलेली माणसं तिथल्या ओकच्या झाडाखालची डेथ कॅप ही जीवघेणी छत्री घरच्या भाताच्या पेंढ्यावरची अळंबी समजून खातात, हे तिथल्या डॉक्टरांनी वारंवार नोंदवलंय. दोन्हींच्या बुडाशी पांढरी पिशवी असते, कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात. आपल्या गावी ज्यांची नजर कधी चुकली नाही, अशा माणसांची ती तिथं चुकते. ही ओळ मी परदेशातल्या वाचकांसाठीही लिहितेय. तिकडच्या पार्कात "अगदी आपल्यासारखी" अळंबी दिसली तर ती आपल्यासारखी नाही असंच धरून चाला. आणि देशातच बघायचं तर एप्रिल 2022 मध्ये आसामात चहाच्या मळ्यांच्या भागात रानातली अळंबी खाऊन 13 माणसं दगावली. गंमत म्हणून रानात गेलेली माणसं नव्हती ती. रोजच्या जेवणासाठी वेचून आणली होती.

अळंबी ओळखतात कशी, हा तुमचा मुख्य प्रश्न. एका वाक्यात उत्तर हवं असेल तर ते माझ्याकडे नाही. विषारी आणि खाण्याजोगी असे दोन गट रानात नसतात. शेकडो वेगवेगळ्या जाती असतात आणि प्रत्येकीची ओळख वेगळी पटवावी लागते. "लाल ती वाईट, पांढरी ती चांगली" असला एकही ठोकताळा टिकत नाही. डेथ कॅपचीच सख्खी बहीण, जिला इंग्रजीत "संहारक देवदूत" अशा अर्थाचं नाव आहे, ती तर दुधासारखी पांढरी.

खरं काम सुरू होतं जागेवर, उपटण्याआधी. जमिनीतून आलीय, लाकडावर आलीय की शेणावर? भोवती झाडं कुठली? एकटी की घोळक्यात? मग पूर्ण बूड उकरून बाहेर काढायचं, देठ मोडून नव्हे. सगळ्यांत जास्त चूक इथं होते, कारण डेथ कॅप ज्यात येते त्या अमानिता कुळाची ओळख म्हणजे बुडाशी असलेली पिशवी, आणि ती मातीतच राहून जाते. वर हातात येते एक गोजिरवाणी पांढरी छत्री. नंतर टोपी, तिच्या कडा, खवले, खालचे कल्ले देठाला चिकटलेत की सुटे, देठावर कडं आहे का, कापल्यावर रंग बदलतो का, वास कसला. आणि शेवटी बीजाणूंचा ठसा.

तो तुम्ही केलात, पण बाकी वाचकांसाठी सांगते. निम्मा पांढरा, निम्मा काळा असा कागद घ्यायचा. लग्नपत्रिकेच्या पाठीमागचा चालतो, काळ्यासाठी मुलांच्या हस्तकलेतला. देठ टोपीलगत कापून टोपी, कल्ले खाली करून, दोन्ही रंगांवर निम्मी-निम्मी येईल अशी ठेवायची. वर स्टीलची वाटी पालथी घालायची, वारा लागू नये म्हणून. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी वाटी उचलली की कागदावर कल्ल्यांचं हुबेहूब नक्षीकाम उमटलेलं असतं, चाकाच्या आऱ्यांसारखं. पांढरा ठसा काळ्या बाजूला दिसतो, गडद ठसा पांढऱ्या बाजूला. रोवणावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. भाताच्या पेंढ्यावरचीचाही गुलाबी, आणि डेथ कॅपचा पांढरा. कॅलिफोर्नियातल्या त्या माणसांनी एक रात्र वाटी पालथी घातली असती तर फरक कागदावर दिसला असता. घरातली वापरातली वाटी मात्र घेऊ नका, एक वेगळी ठेवा. आणि गैरसमज नको म्हणून सांगते, पांढरा किंवा गुलाबी ठसा आला म्हणजे खायला परवाना मिळाला असं अजिबात नाही. ठसा नकार ठामपणे देतो, होकार एकट्यानं देऊ शकत नाही. माझंही तसंच आहे. "खाऊ नका" हे मी फोटोवरून सांगू शकते. "खा" हे मी फोटोवरून सांगणार नाही, कुणालाच, कधीच.

ॲपचंही यावरून कळेल. त्याला दिसतो तो टोपीचा एक फोटो. बूड मातीत राहिलं, वास येत नाही, ठसा नाही, शेजारी कुठलं झाड होतं ते माहीत नाही. तुमच्या ॲपनं एका पिशवीला दोन उत्तरं दिली हे एका अर्थी बरंच झालं, एकच आणि चुकीचं दिलं असतं तर? नाव शोधायला सुरुवात म्हणून वापरा. ताटात काय पडावं हे त्याला ठरवू देऊ नका.

आता जरा अप्रिय भाग. कुणी खाल्लीच तर काय करायचं हे फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या झाल्या तर त्रास मोठा, पण बहुतेक वेळा माणूस सावरतो. सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा, रात्री खाल्लं आणि पहाटे सुरू झालं, तर तो फार गंभीर इशारा आहे. अमाटॉक्सिन असंच वागतं. सहा ते बारा तास काहीच नाही, मग जोराचे जुलाब-उलट्या, मग एक-दोन दिवस बरं वाटतं. घरचे म्हणतात, उतरलं. त्या वेळात आत यकृत निकामी होत असतं. मध्यम आकाराची एक डेथ कॅप मोठ्या माणसाला पुरते. म्हणून बरं वाटलं तरी दवाखाना टाळायचा नाही. मिठाचं पाणी, तूप, ताक, घशात बोटं घालणं यात वेळ घालवायचा नाही. 108 ला फोन करायचा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेसाठी राष्ट्रीय माहिती केंद्र आहे, 1800 116 117 हा त्यांचा फुकटचा नंबर. आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असो की कच्ची, कागदात गुंडाळून बरोबर न्यायची. प्लॅस्टिकमध्ये ती घाम येऊन सडते आणि मग कुणालाच काही ओळखता येत नाही. ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना न्यायचं, ज्याला अजून काही होत नाहीये त्यालासुद्धा.

चिरंजीवांबद्दल. शिकू द्या, जरूर शिकू द्या. नववीतल्या मुलाला मोबाईलबाहेरचा नाद लागलाय ही गोष्ट तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलीय याचं मला नवल वाटलं. फक्त पहिली तीन-चार वर्षं खाण्याचा विषयच नको. बघायचं, काढायचं (चित्र, अळंबी नव्हे), ठसा घ्यायचा, वहीत चिकटवायचा. आणि ठसे घ्यायचे ते सोसायटीच्या बागेतल्या, टेकडीवरच्या पायवाटेवरच्या छत्र्यांचे. ताम्हिणीचा बराच भाग अभयारण्य आहे आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलून आणायला वन्यजीव संरक्षण कायद्याची मनाई आहे, त्यात अळंबीही आली. पिशवी भरताना तुमच्या बारा-तेरा जणांतल्या एकालाही हे आठवलं नाही, याबद्दल थोडी रागावतेच.

खायच्या नादापायी माणसांना बाकीची गंमत दिसतच नाही. कुजक्या काटकीवर चिमणीच्या घरट्यासारखा करंगळीच्या नखाएवढा पेला असतो, आत चार-पाच अंडी. पावसाचा थेंब त्यात पडला की ती अंडी उसळून दूर जाऊन पडतात, तीच तिची पेरणी. बांबूच्या बेटाजवळ पहाटे कधी पांढऱ्या जाळीचा घागरा घातलेली एक उभी दिसेल. जवळ जायच्या आधी नाक धरा, मेलेल्या उंदरासारखा वास येतो, माश्यांना बोलवायला. वाळक्या फांद्यांवर पंख्यासारखी राखाडी, केसाळ बुरशी तर वर्षभर असते, पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर मिळेल. आणि भीमाशंकरला भर पावसाळ्यात, रात्री, वनखात्याच्या परवानगीनं कुणी घेऊन गेलं तर टॉर्च बंद करून पाच मिनिटं उभं राहायला सांगा त्याला. डोळे अंधाराला सरावले की जमिनीवरच्या ओल्या काटक्या हिरवट उजळलेल्या दिसायला लागतात. लाकडात शिरलेली बुरशी चमकते ती. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ कुणाशी बोलले नव्हते.

मार्गदर्शक हवा असेल तर पुण्यात राहून तक्रार करायला जागा नाही. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा मोठा संग्रह आहे, आजरेकरांच्या नावानं. कृषी महाविद्यालयात अळंबी प्रकल्प आहे, तिथं लागवड बघायला मिळते. महाविद्यालयांतून बुरशी शिकवणारी माणसं आहेत आणि त्यांना प्रश्न विचारणारं कुणी भेटलं की आनंदच होतो, हे मी स्वानुभवानं सांगते.

सासूबाईंचा आणखी एक मुद्दा राहतो, तो तुम्ही लिहिला नाहीत पण ओळींमधून दिसला. त्यांना ती चव हवीय. पिशवी भरताना त्यांना माहेर आठवलं असणार. रोवणावरची अळंबी बाजारात पाकिटातून कधीच मिळणार नाही, कारण वाळवी आणि बुरशीचा तो संसार अजून कुणाला व्यापारी पातळीवर पाळता आलेला नाही. गोव्यात रस्त्याच्या कडेला पानात बांधून विकतात ती नगावर मोजून, आणि भाव ऐकला की चवीची आठवण पुरे वाटते. शिवाय सगळे दांडे वेळेआधी उपटले जातात, एकही छत्री पूर्ण उघडून बीजाणू सोडत नाही, म्हणून वरचेवर कमी होत चाललीय. त्याऐवजी बाजारातली धिंगरी (ऑयस्टर मशरूम) आणा. बटण मशरूमपेक्षा धिंगरी बरी, तिला दाताखाली रेषा लागते. बोटानं उभ्या चिरफळ्या करा, सुरीनं नको. कांदा आणि सुकं खोबरं लालसर भाजून, त्यात धणे, मिरी, बडीशेप, दोन लवंगा घालून वाटण करा. धिंगरीला पाणी सुटतं ते आधी मोठ्या आचेवर आटू द्या, मग वाटण, मग दोन कोकमं. वाटणाचं प्रमाण सासूबाईंनाच विचारा, माझं त्यांना पटणार नाही.

पुढच्या श्रावणात जमलं तर तिघंही कुडाळला जा. ते रोवण अजून असेल तर त्या नातवाला दाखवतील, तुम्हाला दाखवतील की नाही सांगता येत नाही. एकच अळंबी मुळासकट काढू द्या त्याला, बाकी राहू देत. रात्री वाटी पालथी घाला. ठसा गुलाबी यायला हवा. नाही आला तर मला फोन करा, माझं माहेर तिथून तासाभरावर आहे.